जमिनीखालचं स्टेशन वर का येत नाही?

ठाण्याच्या रिंग मेट्रोला ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. 29 किलोमीटर, 22 स्टेशनं, त्यातली दोनच जमिनीखाली, एक ठाणे जंक्शनचं. लोक विचारतात एवढ्या गर्दीत खोदणार कसं, वरच्या बिल्डिंगा खचल्या तर? प्रश्न बरोबरच आहे, पण इंजिनियर लोकांना आणखी एक काळजी असते ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, ती म्हणजे अख्खं स्टेशनच वर उचललं जाण्याची!

ठाणं तलावांचं गाव, बाजूला खाडी, पावसाळ्यात थोडं खणलं की पाणी लागतं. खालचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट कडक असतो खरा, पण त्याला भेगा असतात आणि पाणी त्यातून आरामात फिरतं. अशा जागी काँक्रीटचा पोकळ डबा ठेवायचा. रिकामी बादली भरल्या टाकीत सरळ खाली दाबून बघा, कसली जोर लावून वर येते, आर्किमिडीजचा नियम तोच, फक्त इथे बादली भलीमोठी.

आता हिशोब करू. पाण्याच्या दर मीटर खोलीला तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर 1 टन दाब खालून वर येतो. समजा स्टेशनचा तळ 20 मीटर खोल आणि भूजल 2 मीटरवर, म्हणजे 18 टन. काँक्रीट घनमीटरला अडीच टनाच्या आसपास, म्हणजे नुसत्या वजनाने तोलायचं तर एकूण 7 मीटरपेक्षा जाड काँक्रीट ओतावं लागेल. एवढं कोण ओतणार? म्हणून भिंतींचं वजन, छतावर परत टाकलेली माती, भिंत आणि बाहेरच्या जमिनीतलं घर्षण हे सगळं जमेला धरतात, आणि तरी कमी पडलं तर तळाखाली पाइल किंवा अँकर घालून स्टेशन चक्क खडकाला बांधून टाकतात. मला हे फार भारी वाटतं, पाइल म्हटलं की आपल्याला वजन पेलणारा खांब आठवतो, इथे तो ओढून धरतो.

सगळ्यात नाजूक काळ बांधकामाचा. तेव्हा पंप लावून भूजल खाली ठेवतात, पण जास्त उपसलं तर आजूबाजूची मऊ माती दबते, जुन्या इमारतींना तडे जाऊ शकतात, म्हणून बोअरमध्ये पिझोमीटर बसवून पाण्याचा दाब सतत मोजत राहतात. आणि डब्याचं वजन पुरेसं झालंय याची खात्री होईपर्यंत पंप बंद करत नाहीत, मग बाहेर कितीही कडक ऊन असो.