वैद्य उकल: प्रकाशणाऱ्या ताऱ्याचा हिशेब

आइन्स्टाइनने नोव्हेंबर १९१५ मध्ये व्यापक सापेक्षतेची, म्हणजे आपल्या गुरुत्वाच्या सिद्धांताची, समीकरणे पूर्ण केली. त्यांची पहिली अचूक उकल वर्ष संपायच्या आत कार्ल श्वार्झशिल्डने काढली, तीही महायुद्धात लष्करी सेवेत असताना. गोल ताऱ्याभोवतीचा अवकाश-काळ कसा वाकतो, हे ती सांगते. बुधाची सरकती कक्षा, सूर्याजवळून वळणारा प्रकाश, सारे तिच्यातून निघते. मात्र या उकलीतल्या ताऱ्याबाहेर निव्वळ पोकळी आहे, प्रकाशसुद्धा नाही. म्हणजे तो तारा प्रकाशतच नाही!

खरा सूर्य दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान प्रकाशाच्या रूपात उधळतो. त्याच्या एकूण वस्तुमानापुढे हे किरकोळच, त्यामुळे कोणाचे काही अडले नव्हते.

गणिती प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी मात्र हा हिशेब नीट मांडला. जन्म १९१८ चा, जुनागढजवळच्या शाहपूरचा. १९४२ मध्ये पत्नी आणि तान्ह्या मुलीला घेऊन ते बनारसला गेले आणि गाठीशी होते तेवढ्या पैशांवर सुमारे दहा महिने राहिले. शिकायचे होते विष्णू वासुदेव नारळीकरांकडे. मूळचे कोल्हापूरचे नारळीकर केंब्रिजहून येऊन बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत होते. (आपल्याकडे ते ‘जयंतरावांचे वडील’ म्हणूनच ठाऊक आहेत, हा जरा अन्यायच.)

श्वार्झशिल्डच्या सूत्रात वस्तुमान हा ठरलेला आकडा आहे; वैद्यांनी तो काळाप्रमाणे घटू दिला. वाचायला सोपे, पण काळ कुठला धरायचा? वस्तुमान घटल्याची वर्दी प्रकाशाच्याच वेगाने पसरते, त्यामुळे दूरच्या ठिकाणी अजून जुनेच, जास्तीचे वस्तुमान लागू असते. नेहमीचा काळ धरला की आकडेमोड किचकट होते. १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत आलेली उकल तशीच होती. १९५३ मध्ये वैद्यांनी बाहेर निघालेल्या किरणांवरूनच काळ मोजला आणि तीच उकल एका ओळीत मावली.

तरी फारसे कोणी वळून पाहिले नाही. सापेक्षता ही तेव्हा गणितवाल्यांची हौस समजली जाई. वैद्य शिकवत राहिले. पुढे १९७८ ते १९८० या काळात गुजरात विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तेव्हाही खादी, गांधी टोपी आणि सायकल सुटली नाही.

१९६३ मध्ये क्वेसार (दुर्बिणीतून ताऱ्यासारखे ठिपके दिसणाऱ्या खगोलीय वस्तू) इतके दूर आणि म्हणूनच अफाट तेजस्वी असल्याचे कळले, आणि एवढी ऊर्जा गुरुत्वाने कोसळणाऱ्या वस्तूंतून येत असेल का, असा प्रश्न उभा राहिला. कोसळताना तेज फेकणाऱ्या ताऱ्याच्या बाहेरचे गणित तर वीस वर्षे तयारच होते. शिवाय त्यात एक चिन्ह उलटे केले की प्रकाश बाहेर जाण्याऐवजी आत पडतो आणि वस्तुमान वाढत जाते. कृष्णविवर वाढताना कसे दिसेल, याचा तो सर्वांत साधा नमुना ठरला. हॉकिंग यांनी १९७४ मध्ये कृष्णविवरे किरणे सोडत विरत जातात असे दाखवले, त्यानंतर त्या विरण्याचे चित्र मांडायलाही अभ्यासकांनी वैद्यांचीच उकल घेतली.