चिमणी उलटी वाहते तेव्हा

न्यू जर्सीतलं आमचं घर १९६० च्या दशकातलं. विटांची चिमणी बेसमेंटपासून छपरापर्यंत गेलेली, बाहेरून बघायला अगदी धडधाकट. गेल्या ऑक्टोबरात ती तपासायला माणूस आला तेव्हा तो आधी छपरावर चढेल असं मला वाटलं होतं. तो गेला स्वयंपाकघरात. "हा एक्झॉस्ट पूर्ण वेगात लावा," म्हणाला. मग बाथरूमचे पंखे, कपड्यांचा ड्रायर, सगळं सुरू करायला लावलं. खिडक्या-दारं बंद. खाली जाऊन त्याने गॅसचा वॉटर हीटर चालू केला, पाच मिनिटं थांबला, आणि हीटरच्या डोक्यावर पत्र्याची छत्री असते तिच्या कडेला धुराची कांडी धरली.

धूर छत्रीत ओढला जायला हवा होता. तो बाहेर, आमच्याकडे वळला. त्याने लगेच हीटर बंद केला.

चिमणीत धूर वर ढकलणारा पंप नसतो. आतली हवा गरम म्हणून हलकी, बाहेरची थंड म्हणून जड. एवढ्या फरकावर सगळं चालतं. हीटरच्या चिमणीतली ही ओढ जेमतेम काही पास्कल असते. टेबलावर पडलेला एक साधा ए-फोर कागद खालच्या पृष्ठभागावर साधारण ०.८ पास्कल दाब देतो. म्हणजे चार-पाच कागदांच्या वजनाइतक्या जोरावर आपण घरातला विषारी वायू बाहेर जाईल असा भरवसा ठेवतो. फोडणी-तळणाचा वास राहू नये म्हणून आपण मोठा एक्झॉस्ट बसवतो. थंडीसाठी घट्ट बंद केलेल्या घरातून तो हवा बाहेर फेकतो, तेव्हा त्या हवेची भरपाई कुठून तरी व्हावीच लागते. सर्वांत सोपी वाट चिमणीची. मग वर जायचं ते खाली येतं.

आमच्याकडे दुसरंही एक कारण निघालं, आणि ते इथल्या कितीतरी जुन्या घरांत असेल. पूर्वी फर्नेस (घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी) आणि वॉटर हीटर एकाच चिमणीत जोडलेले होते. नवी, कमी गॅस खाणारी फर्नेस आली; तिचा धूर इतका निवलेला असतो की तो प्लास्टिकच्या पाइपने भिंतीतूनच बाहेर काढतात. मोठ्या चिमणीत उरला एकटा छोटा हीटर. त्याच्या उबेने एवढ्या विटा तापत नाहीत. एक किलो मिथेन जळलं की सव्वादोन किलो पाणी तयार होतं (जास्तीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं). ती वाफ थंड भिंतींवर आतल्या आत दवासारखी जमते. हे पाणी आम्लधर्मी असतं आणि वर्षानुवर्षं विटांमधला चुना-सिमेंट खात राहतं. "आम्ही लाकूड जाळत नाही, मग चिमणी कशाला तपासायची?" असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

परत आलेला धूरच हीटरच्या ज्योतीला मिळू लागला की ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, फ्लूच वाटतो. घरातल्या सगळ्यांना एकदम होतं आणि बाहेर गेलं की बरं वाटतं, ही खूण. अलार्म हवाच, पण हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू असेल तर इथल्या प्रमाणित अलार्मला वाजायला एक ते चार तास लागू शकतात.

लाकडाची गोष्ट वेगळी. तुपाच्या निरांजनावर ताटली धरून काजळ धरताना पाहिलं असेल. फायरप्लेसच्या चिमणीत असंच होतं, फक्त लाकडाच्या धुरात न जळलेलं डांबरही असतं. लाकूड ओलसर असलं, आच मंद असली की ते थंड नळीवर बसतं. त्याला क्रिओसोट म्हणतात. त्या माणसाने आमच्या फायरप्लेसच्या वरून खरवडून एक खपली माझ्या तळहातावर ठेवली: काळी, काचेसारखी चकचकीत, नखाने ओरखडाही उमटेना. ही पेटली तर आत सुमारे ११०० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान जातं आणि भाजक्या मातीचं अस्तर तडकतं. कधी ही आग इतकी संथ धुमसते की घरच्यांना पत्ताच लागत नाही. पुढच्या वेळी ज्वाळा त्या भेगेतून घराच्या लाकडी सांगाड्यापर्यंत पोचते. नळीत सोडलेल्या कॅमेऱ्याशिवाय ती भेग दिसणार कशी?

म्हणूनच अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचं मानक सांगतं की चिमणी वर्षातून एकदा तरी तपासावी, आणि घर विकलं जाताना अधिक खोलात जाऊन पाहावं. जर्मनीत तर कायद्याने नेमलेला चिमणी-तपासनीस सात वर्षांत दोनदा घरी येतो. आपल्यातली कितीतरी कुटुंबं इथे जुनी घरं घेतात. खरेदीवेळच्या नेहमीच्या तपासणीत चिमणीचा फक्त दिसेल तेवढाच भाग बघतात. कॅमेऱ्याने पाहणं वेगळं सांगून करून घ्यावं लागतं. ते आम्ही तेव्हा केलं नाही.

नंतर आम्ही हीटरसाठी चिमणीत कमी व्यासाची स्टीलची नळी सोडून घेतली आणि एक्झॉस्टबरोबर उघडणारी बाहेरच्या हवेची झडप बसवली. तो माणूस पुन्हा आला, पुन्हा सगळे पंखे लावले. या वेळी त्याच्याकडची कांडी संपली होती, म्हणून देवघरातली उदबत्ती दिली. धुराची रेघ सरळ वर आली, छत्रीच्या कडेशी थबकली आणि आत वळली.