‘न्यूज’ म्हणजे चार दिशा? छे!

नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची आद्याक्षरं जोडून ‘न्यूज’ शब्द झाला, असं सामान्यज्ञानाच्या पुस्तकांपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सर्रास सांगितलं जातं. ते खोटं आहे.

‘न्यू’ म्हणजे नवं. त्याचं अनेकवचन ‘न्यूज’, नव्या गोष्टी. फ्रेंचमधलं ‘नूव्हेल’ही असंच बनलंय. इंग्रजीत हा शब्द १५व्या शतकात, म्हणजे छापील वर्तमानपत्रं निघण्याच्या बऱ्याच आधी वापरात होता. जुन्या छपाईत तो एन-ई-डब्ल्यू-ई-एस असा पाच अक्षरी सापडतो. मग दुसऱ्या ‘ई’ची दिशा कोणती? शिवाय इंग्रज दिशा मोजतात त्या नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट अशा क्रमाने.

अनेकवचनाचं हे शेपूट आपल्याला आजही नडतं. रूप अनेकवचनी, क्रियापद मात्र एकवचनी: ‘द न्यूज इज गुड’. ‘आय हॅव अ गुड न्यूज’ चूक. मधला ‘अ’ काढा किंवा ‘अ पीस ऑफ गुड न्यूज’ म्हणा.

समानार्थी शब्दांपैकी ‘टायडिंग्ज’ आता बहुतेक नाताळच्या गाण्यांपुरता उरलाय. ‘इंटेलिजन्स’ १८व्या शतकात साध्या बातमीलाही चाले. आज या अर्थाने तो गुप्तवार्तेकडे गेलाय. बोलण्यात ‘वर्ड’ येतो: ‘एनी वर्ड फ्रॉम हिम?’ म्हणजे त्याची काही खबरबात?