कोरडं नाक आणि बोक्याचं कुंथणं

कुत्रं पाळणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नाक कोरडं पडलंय, ताप असेल का? दुसराही ठरलेला: गवत खातंय, पोट बिघडलं का? दोन्हींचं उत्तर बहुतेक वेळा ‘काही नाही’ हेच. झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडंच असतं, आणि मे महिन्यात परभणीच्या दुपारी कोणाचं नाक ओलं राहतं? गवताचंही तसंच. धडधाकट कुत्री-मांजरं गवत खातात, आणि बऱ्याचदा त्यानंतर उलटीसुद्धा होत नाही.

गंमत अशी, की जिथं खरंच धावाधाव करायला हवी तिथं हीच मंडळी ‘बघू उद्या’ म्हणतात. बोका दोन दिवस कोपऱ्यात कुंथत बसलेला असतो आणि घरचे त्याला तूप चाटवत असतात. कुत्र्याच्या कानात गोचिडांचा घोस लटकलेला असतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही.

तापाचा सोक्षमोक्ष आधी लावू. कुत्र्या-मांजराचं अंग आपल्यापेक्षा मुळातच गरम असतं, साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट. त्यामुळे ‘हाताला गरम लागतंय’ याला काही अर्थ नाही. थर्मामीटर गुदद्वारात लावून 103 च्या वर गेला तर ताप धरायचा. त्याहून सोपी आणि जास्त उपयोगाची तपासणी हिरडीची. वरचा ओठ उचला, हिरडी बोटानं दाबून सोडा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी मुळातच पांढुरकी, पिवळी किंवा तपकिरी दिसत असेल तर नाक ओलं आहे की कोरडं हा प्रश्न सोडा आणि गाडी काढा. काही कुत्र्यांची हिरडी जन्मतःच काळी असते. तिथं खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा.

आता गोचीड. मराठवाड्यात ज्याच्या गोठ्यात जनावर आहे त्याला गोचीड शिकवायची गरज नाही, पण गोठ्यातली आणि कुत्र्यावरची गोचीड सहसा एक नसते. गाई-म्हशींवरची नेहमीची गोचीड अळीपासून मोठी होईपर्यंत त्याच जनावरावर राहते. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पिते आणि प्रत्येक वेळी पोट भरलं की खाली उतरते. कात टाकायची, अंडी घालायची ती भिंतीच्या फटीत. एक मादी हजारांच्या घरात अंडी घालते. शिवाय या जातीला वर चढायची खोड आहे. म्हणून ती कुत्र्याच्या अंथरुणापेक्षा भिंतीच्या वरच्या अंगाला, चौकटीच्या खाचेत, माळवदाच्या लाकडांमध्ये जास्त सापडते. कुत्र्याला आठवड्याला औषधी साबणानं घासून काढलं तरी गोचिडी संपत नाहीत, याचं कारण हेच. कुत्र्यावर दिसतात त्या थोड्याच, बाकीच्या घरात आपली पाळी यायची वाट बघत असतात. फटी बुजवणं आणि कुत्र्याला औषध देणं ही दोन्ही कामं एकाच वेळी, तीसुद्धा काही महिने सलग, केली तरच फरक पडतो.

एवढी उठाठेव कशाला, तर गोचीड नुसतं रक्त पीत नाही. तिच्या लाळेतून एर्लिकिया नावाचा जिवाणू कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. दवाखान्यात ज्याला ‘टिक फीवर’ म्हणतात तो बऱ्याचदा हाच. कुत्रं खाणं सोडतं, मलूल होतं, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घसरतात आणि कधी नाकातून रक्त येतं. फसवं म्हणजे पहिला ताप दोन-चार आठवड्यांत आपोआप ओसरू शकतो. जिवाणू मात्र अंगात दबा धरून राहतो आणि काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, अस्थिमज्जेवर उलटतो. डॉक्सिसायक्लिन सुरू केलं की एक-दोन दिवसांत कुत्रं शेपटी हलवायला लागतं. तिथंच मालक गोळ्या थांबवतो. कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो आणि तो पुरा करायचा असतो.

त्याच गोचिडीतून बॅबेसियाही येतो. हा तांबड्या पेशी फोडणारा परजीवी. लघवी काळसर, चहासारखी दिसते, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडतो. त्याचं औषध वेगळं, नुसत्या डॉक्सिसायक्लिननं भागत नाही. म्हणून ‘मागच्या वेळी दिलेल्याच गोळ्या द्या’ असं मेडिकलवाल्याला सांगण्यापेक्षा रक्ताची तपासणी करून घेतलेली बरी. अंगावरची गोचीड काढताना रॉकेल ओतू नका, काडीनं चटका देऊ नका, नखावर चिरडू नका. चिमट्यानं कातडीलगत धरायची आणि सरळ ओढायची, इतकंच.

खरा घोटाळा होतो तो घरात कुत्रं आणि मांजर दोन्ही असतात तेव्हा. गोठ्यातल्या फवारणीचं औषध कुत्र्याला चालून गेलं, मग उरलेलं मांजराला. या औषधांमध्ये बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं काहीतरी असतं: पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन. मज्जातंतूंमध्ये सोडियम आत सोडणारी दारं असतात, ती हे औषध उघडी ठेवतं. कीटक तडफडून मरतो. कुत्र्याचं यकृत तेच औषध वेळेत मोडून बाहेर टाकतं. मांजराला ते जमत नाही. काही तासांत कान फडफडायला लागतात, अंग थरथरतं, मग झटके येतात. नुकतंच औषध लावलेल्या कुत्र्याला मांजर चिकटून झोपलं, तेवढंही पुरतं.

असं का, याचं उत्तर जनुकात सापडतं. नको असलेल्या रसायनाला ग्लुकुरॉनिक आम्ल चिकटवायचं आणि ते लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर काढायचं, हे यकृताचं एक मोठं काम. त्यासाठी लागणाऱ्या विकरांपैकी (एन्झाइम) एक महत्त्वाचं विकर बनवणारं जनुक मांजरात निकामी झालेलं आहे. वाघ-सिंहांतही. पिढ्यान्‌पिढ्या नुसतं मांस खाणाऱ्या प्राण्याच्या पोटात वनस्पतींमधली विषं फारशी जातच नाहीत, त्यामुळे हे जनुक बिघडूनही काही अडलं नाही, असं संशोधक मानतात. अडलं ते माणसाच्या घरात गोळ्यांचा डबा आल्यावर.

त्या डब्यातली सगळ्यात साधी गोळी पॅरासिटामॉल. मांजर कण्हतंय, अंग गरम लागतंय, घरात तापाची गोळी आहे. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण चार किलोच्या मांजराला 500 मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे किलोमागे 125 मिलिग्रॅम, आणि विषबाधा किलोमागे 10 मिलिग्रॅमलाही झालेली आहे. बाहेर टाकायचा नेहमीचा रस्ता बंद, म्हणून औषधाचं रूपांतर घातक पदार्थात होतं. तो हिमोग्लोबिनवर हल्ला करतो, रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. लवकर नेलं तर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा. मात्र ‘गोळी दिली होती’ हे डॉक्टरांना सांगावं लागतं, आणि ओरडा खावा लागेल म्हणून लोक नेमकं तेच लपवतात. कुत्र्यालाही आपल्या दुखण्याच्या गोळ्या, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, देऊ नयेत. जठराला व्रण पडतात, किडनी जाते.

लूत लागलेल्या कुत्र्याला गाडीचं जळकं ऑईल फासण्याची पद्धत अजून गावोगाव दिसते. किडा मरत असेलही, पण ते ऑईल कातडीतून मुरतं आणि कुत्रं चाटतं ते पोटात जातं. लुतीवर आज नीट औषधं आहेत.

खाण्याकडे वळू. दूध-भाकरी कुत्र्याला चालते का, यावर मला शहरी लोकांचा नाक मुरडणारा सूर पटत नाही. ज्वारीची भाकरी कुत्र्याला पचते. 2013 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती, तर कुत्र्यात 4 ते 30. माणसाच्या उकिरड्यावर आणि उंबऱ्यावर जगता जगता कुत्र्याचं पोट धान्याला सरावलं. नुसत्या भाकरीवर त्याला प्रथिनं कमी पडतात हे खरं. वरण, अंडं, जमेल तसं मांस हवंच. दूध मात्र बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना आणि मांजरांना सोसत नाही, कारण पिलूपण सरलं की लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवण्याची ताकद ओसरते. मांजर आवडीनं दूध पितं याचा अर्थ ते त्याला मानवतं असा नाही.

मांजराची गोष्ट मुळातच निराळी. त्याला टॉरिन नावाचा पदार्थ अन्नातूनच मिळावा लागतो, अंगात पुरेसा तयार होत नाही. धान्यात तो जवळजवळ नसतोच. टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो, मांजर आंधळं होतं. 1987 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यकांनी दाखवून दिलं की मांजरांचं हृदय फुगण्याचा एक जीवघेणा आजारही याच कमतरतेतून येतो, आणि टॉरिन दिलं की तो बरा होतो. म्हणजे दूध-भाकरीवर ठेवलेलं मांजर जगतं ते बरेचदा आपल्या उंदरांच्या जिवावर. फ्लॅटमध्ये कोंडलेल्या मांजराला ती सोय नाही. माळकरी घरात मांजर पाळायचं असेल तर याचा विचार आधी करावा. कुत्रं शाकाहारात निभावून नेता येतं, मांजर नाही. मांस शिजवलं तर त्यातलं पाणीही द्यावं, कारण टॉरिन पाण्यात उतरतं. आपला मसाल्याचा रस्सा मात्र नको. कांदा-लसूण दोघांच्याही तांबड्या पेशी फोडतो, मांजराच्या जास्त.

आणि तो कुंथणारा बोका. बोक्याची मूत्रनळी टोकाशी फार अरुंद असते. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, पाणी कमी पिऊन लघवी घट्ट करण्यात तरबेज. घट्ट लघवीत खडे आणि चिकट पदार्थ साचून नळी तुंबते. बोका वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, उठतो, पुन्हा बसतो, दोन थेंब येतात किंवा तेही नाही. मागचा भाग सारखा चाटतो, पोटाला हात लावू देत नाही. घरचे म्हणतात, बद्धकोष्ठ झालंय. एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडतं. वाट बघायची नाही, रात्र असली तरी. परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांच्या चिकित्सालयांत अशी जनावरं बघितली जातात. जवळचा डॉक्टर आणि त्याचा नंबर आधीच माहीत असावा.

उन्हाळ्याचं थोडक्यात. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गादीपुरता. बाकी सगळं काम धापेवर. धापेत जिभेवरचं पाणी उडतं आणि रक्त गार होतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे बरं चालतं, पिण्याचं पाणी आणि सावली असेल तर. जूनमध्ये आभाळ भरून येतं, हवा दमट होते, पाऊस पडत नाही, तेव्हा धाप कमी पडते. पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेलं कुत्रं तेव्हा जास्त धोक्यात. चपट्या नाकाचा पग किंवा बर्फातला हस्की लातुरात आणणाऱ्यांशी वाद घालायचं मी सोडून दिलंय. कुत्रं लटपटायला लागलं, लाळ घट्ट झाली, तर आधी साधं पाणी अंगभर ओतायचं, पंखा लावायचा आणि मगच दवाखान्याकडे निघायचं.

पिलांमध्ये पार्वो नावाच्या विषाणूचा आजार. उलट्या, रक्ताची जुलाबं, एकदा घेतला की विसरता न येणारा वास. 1978 च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे पार्वोनं पिलू गेलेल्या अंगणात लगेच दुसरं बिनलसीचं पिलू आणू नये. ‘एक डोस दिला होता की’ असं म्हणणारे भेटतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं लसीलाच निकामी करतात, आणि ती कोणत्या पिलात कधी संपतील सांगता येत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यायचा.

रेबीजच्या बाबतीत पिसाळून धावणारं कुत्रं सगळ्यांना ओळखू येतं. दुसरा प्रकार ओळखू येत नाही. कुत्रं गप्प बसतं, जबडा लुळा पडून उघडा राहतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलं, आणि कोणीतरी तोंडात हात घालतं. लाळेत विषाणू असतो, हाताला एखादी खरचटलेली जागा असतेच. तोंड असं उघडं राहिलं तर हात आवरायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. चावा, ओरखडा किंवा उघड्या जखमेवर लाळ लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं. मिरची, चुना, हळद काही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. मांजर चावलं तरीही. चावणारं कुत्रं किंवा मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवतात, कारण लाळेत विषाणू असेल तर तेवढ्यात जनावर आजारी पडून मरतंच. ती दहा दिवसांची नजर लस सुरू करून ठेवायची असते, लस थांबवून नाही.