उजेड पाहून मंदावणारा दिवा: पार्श्वभूमी

पुण्याच्या वाड्यांत चौक ठेवलेला असे तो हवा-उजेडासाठीच. मग रुंद मजल्यांची ऑफिसं आली. आतल्या टेबलांना भर दुपारी ट्यूबलाइट लागू लागल्या, आणि खिडकीलगतच्याही त्यांच्यासोबत जळत राहिल्या. दोष वायरिंगचा. एका बटणावरची ओळ खिडकीपासून थेट आतल्या भिंतीपर्यंत नेलेली असायची, म्हणजे उन्हातला एक दिवा घालवायचा तर अख्खी ओळ घालवावी लागे. ओळी खिडकीला समांतर ओढल्या असत्या तर निम्मं काम तिथेच झालं असतं.

उजेड ओळखणारा फोटोसेल तेव्हाही होता, रस्त्यावरच्या दिव्यांत तो वापरला जाई. अडचण दिव्याची होती. चोक-स्टार्टरवरच्या ट्यूबचं व्होल्टेज उतरवलं की फिलामेंट गार पडतात, ट्यूब लुकलुकते, टोकं काळी पडतात. त्यामुळे ती एक तर पूर्ण पेटणार, नाही तर विझणार. ढग आला की उघडझाप सुरू, मग वैतागून कुणी तरी सेन्सरवर चिकटपट्टी लावणार. पुढे मंदावता येणारे इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट (चोकच्या जागी बसणारं सर्किट) आले, पण महाग.

कोंडी फुटली ती एलईडीने. शुजी नाकामुरा यांनी 1993 मध्ये प्रखर निळा एलईडी जाहीर केला. त्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या उजेडाने पिवळा चमकणारा लेप, चढवून पांढरा उजेड मिळाला. निळ्या एलईडीसाठीच्या 2014 च्या नोबेलमध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांचा वाटा आहे. एलईडीला करंट कमी दिला की उजेड कमी, इतकं सरळ. शिवाय चिप गार राहिल्याने वॅटमागे थोडा जास्तच उजेड पडतो. 36 वॅटची ट्यूब तांब्याच्या चोकसह सुमारे 45 वॅट घेई. तिच्या जागी 18-20 वॅट पुरतात. भारतात 2007 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने खिडकीच्या उजेडातल्या दिव्यांचं नियंत्रण वेगळं ठेवायला सांगितलं, आणि जानेवारी 2015 च्या उजाला योजनेने एलईडी घरोघरी पोचवला.

आता चुकतं ते सेन्सर बसवण्यात. खिडकीची वरची कड 2.1 मीटरवर असेल तर उपयोगी उजेड साधारण 3-4 मीटर आत येतो. सेन्सर त्या पट्ट्यातच, टेबलांकडे तोंड करून हवा. सेटिंग फर्निचर लागल्यानंतरच करावं, कारण पांढरं टेबल आणि गडद टेबल यांवरून परतणारा उजेड वेगळा असतो. आधी रात्री टेबलावर लक्समीटर ठेवून फक्त दिव्यांचा उजेड 300 ते 500 लक्सवर (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) आणावा, मग दुपारी पट्ट्यातलं सर्वांत आतलं टेबल तपासावं. पुण्यात जुलैमधले ढग मिनिटामिनिटाला बदलतात, म्हणून दिवा चढायला काही सेकंद, उतरायला काही मिनिटं द्यावीत. नाही तर तो दिवसभर हिंदकळत राहतो.

दिव्याला किती मंद व्हायचं ते सांगणारी 1-10 व्होल्टची दोन तारांची कंट्रोल वायर तुटली तर दिवे पूर्ण प्रखर होतात, तारा एकमेकींना चिकटल्या तर किमानावर अडकतात. सेन्सर बदलण्याआधी ती जोडी मीटरने तपासावी.