फळीबुरशी ओळखायची तर खालून बघा

पावसाळा अंगात आला की ओळखीपाळखीच्या लोकांकडून मोबाइलवर फोटो यायला लागतात. बांधावरचा वठलेला आंबा, यवतेश्वरच्या घाटात आडवं झालेलं एखादं झाड, नाहीतर परड्यात रचून ठेवलेलं बाभळीचं सरपण, आणि त्यातून फळीसारखी आडवी बाहेर आलेली बुरशी. खाली प्रश्न ठरलेला: "ही कुठली हो?" फोटो सुरेख असतो, पण वरून काढलेला असतो. रंगीत पट्टे, थोडी लव, कधी चकाकी, एवढंच त्यात दिसतं. त्यावरून जात सांगायची म्हणजे पाठमोऱ्या माणसाचं नाव सांगण्यासारखं आहे.

खरी बुरशी लाकडाच्या आत असते. अतिशय बारीक तंतूंच्या रूपात ती खोडभर पसरते आणि महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, लाकूड पचवत राहते. बाहेर येते ती फक्त बीजाणू, म्हणजे बुरशीचं धुळीसारखं बारीक बी, तयार करणारी फळी. हे बीजाणू फळीच्या खालच्या अंगाला तयार होतात, त्यामुळे ओळखीच्या खुणाही तिथेच जास्त सापडतात.

दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि शाळेतली मोजपट्टी, एवढं सुरुवातीला पुरतं. बहुतेक फळीबुरश्यांच्या पोटाला, म्हणजे खालच्या अंगाला, भोकं असतात. ट्रॅमेटिस या नेहमी दिसणाऱ्या पातळ, पट्टेदार बुरशीत ती इतकी बारीक असतात की एका मिलिमीटरात तीन ते पाच बसतात आणि नुसत्या डोळ्यांना पोट जवळपास गुळगुळीत वाटतं. याउलट हेक्झागोनियाची भोकं षटकोनी आणि मोठी. त्यातल्या काही जातींत एकेक भोक दोन-तीन मिलिमीटरचं असतं, भिंग खिशातच राहू द्यावं. लेन्झायटिसच्या पोटाला भोकांऐवजी चिवट, चामड्यासारखे पडदे असतात. स्टीरियमच्या पोटाला भोकंही नाहीत आणि पडदेही नाहीत, ते खरोखरच सपाट असतं. वरून पाहिलं तर ट्रॅमेटिस आणि स्टीरियम सहज एकसारखे वाटतात. उलटं केलं की गोंधळ मिटतो.

सरपणावर सर्रास दिसते ती शिझोफायलम कम्यून. पांढुरकी, केसाळ, एक ते चार सेंटिमीटरची, पंख्याच्या आकाराची. हिच्या पोटाचे पडदे मधोमध उभे चिरलेले असतात. कोरड्या हवेत चिरेच्या दोन्ही कडा बाहेर वळून बीजाणू तयार करणारा भाग झाकून घेतात. वाळून कडक झालेला एक तुकडा घ्या, त्यावर पाण्याचे थेंब सोडा आणि भिंगातून बघत बसा. थोड्याच वेळात कडा सरळ व्हायला लागतात, पडदे उघडतात आणि बुरशी पुन्हा बीजाणू सोडायला तयार होते. उन्हाळाभर वाळत पडलेल्या फांदीवर ती तग धरून राहते ती यामुळेच. आणखी एक गंमत म्हणजे हिच्यात नर-मादी असे दोन प्रकार नसून परस्परांशी जुळू शकणारे वीस हजारांहून जास्त प्रकार आहेत.

पोट बघून झालं की कडेचा तुकडा मोडा. आतला गर पांढरा आहे का तपकिरी? गंजासारखा तपकिरी असेल तर कॉस्टिक पोटॅशच्या पातळ द्रावणाचा एक थेंब टाकतात (हातमोजे घालून, पोरांना लांब ठेवून). फेलिनस आणि तिच्या कुळातल्या बुरश्या लगेच काळ्या पडतात. हेक्झागोनियाही पडते, म्हणून भोकं आधी बघायची. आपल्या घाटमाथ्यावर आणि कोकणात फणसाच्या खोडावरचा फणसोंबा जुनी माणसं उगाळून हिरड्यांना लावत, तो याच फेलिनसच्या गटातला.

गॅनोडर्मा ओळखायला त्या मानाने सोपी. लाकडाइतकी टणक, काही जातींत वर लाखेचा हात दिल्यासारखी चकाकी आणि आजूबाजूच्या पानांवर, कधी तिच्या स्वतःच्याच पाठीवर कोकोच्या रंगाची भुकटी. ती भुकटी म्हणजे तिचे बीजाणू. पोटातून गळालेले बीजाणू हवेच्या झुळकीबरोबर वर येऊन बसतात. गॅनोडर्मा ॲप्लानेटमची एक मोठी फळी दिवसाला सुमारे ३० अब्ज बीजाणू सोडते असा अंदाज आहे.

इतके बीजाणू बाहेर पडायचे तर भोकाची नळी अगदी उभी हवी. थोडी जरी कलली तरी बीजाणू नळीच्या भिंतीला चिकटून वाया जातात. म्हणून फळीबुरशी गुरुत्वाकर्षण काटेकोर पाळते आणि त्यातून झाडाचा इतिहास वाचता येतो. वळवाच्या वाऱ्यात पडलेल्या जांभळाच्या खोडावर काही फळ्यांचं पोट बाजूला, आकाशाकडे किंवा रस्त्याकडे वळलेलं दिसलं, तर त्या झाड उभं असतानाच्या आहेत. ज्यांचं पोट जमिनीकडे आहे त्या पडल्यानंतर आल्या. गॅनोडर्मासारख्या बहुवर्षायू बुरशीत तर एकाच फळीत दोन्ही सापडतं: जुना भाग झाडाबरोबर वळून उभा झालेला, आणि त्याला काटकोनात फुटलेली नवी कड. "झाड चांगलं हिरवंगार होतं, अचानक कसं पडलं?" या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा या वाकड्या फळीत असतं. ती पडण्याच्या आधीपासून तिथे होती, म्हणजे लाकूड तेव्हाच सडायला लागलं होतं.

आता लाकडाकडे. बोटाने उकरून पाहिलं आणि ते फिकट, मऊ, तंतूतंतू सुटणारं असेल तर तो श्वेत सड. यातली बुरशी सेल्युलोजबरोबर लाकडाला कणखरपणा देणारं लिग्निनही फोडते. तपकिरी सडीत लिग्निन बहुतांशी मागे राहतं, लाकडाला चौकोनी भेगा पडतात आणि चुरा होतो. तपकिरी सडीच्या बुरश्यांचा ओढा मुख्यतः पाइन-देवदारसारख्या झाडांकडे असतो. आपल्याकडे आंबा, ऐन, हिरडा, बाभूळ अशी सगळी रुंद पानांची झाडं, त्यामुळे श्वेत सडच जास्त दिसते. (सुरू दिसतो पाइनसारखा, पण तोही फुलणाऱ्या झाडांतलाच.) उघड्यावर, उन्हात पडलेल्या ओंडक्यावरची शेंदरी-तांबडी पिक्नोपोरस हीसुद्धा श्वेत सडीचीच. तो रंग लांबूनच ओळखू येतो.

सातारा जिल्ह्यात बुरशी शोधणाऱ्याची चैन आहे. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ६,००० मिलिमीटर पाऊस, तर माण तालुक्यात ५०० च्या आसपास. कोयनेच्या बाजूला ओल्या सावलीत मायक्रोपोरस झँथोपससारखी, पातळ नरसाळ्याची आणि पिवळ्या बुडाच्या देठाची नाजूक बुरशी मिळते. माण-खटावच्या बाभळीवर चिवट शिझोफायलमचं राज्य.

एवढं सगळं करून आपण बहुतेक वेळा प्रजातीपर्यंत (ट्रॅमेटिस, गॅनोडर्मा अशा गटापर्यंत) पोचतो, त्यातल्या नेमक्या जातीपर्यंत नाही. जातीसाठी सूक्ष्मदर्शक लागतो आणि पुष्कळदा डीएनएसुद्धा. २०१२ मध्ये आयटीएस हा डीएनएचा तुकडा बुरशींच्या ओळखीसाठी अधिकृत खूण म्हणून सुचवला गेला आणि बरीच जुनी नावं हलली. गॅनोडर्मा ल्युसिडम हे नाव मूळ युरोपातल्या बुरशीचं, आशियात औषध म्हणून विकली जाणारी रेशी वेगळ्या जातीची निघाली. तेव्हा रस्त्याकडेच्या गुलमोहरावरची चकचकीत फळी "रेशीच आहे" म्हणून उकळून पिणाऱ्यांना माझा सरळ सल्ला आहे: पिऊ नका.

कोणाला दाखवायची असेल तर तुकडा कागदी पाकिटात ठेवा आणि उन्हात खडखडीत वाळवा. प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवसांत तिच्यावर दुसरीच बुरशी चढते. कोयना अभयारण्यात किंवा चांदोलीत मात्र वन विभागाच्या परवानगीशिवाय काही उचलायचं नाही, तिथे फोटोच काढायचे: एक वरून, एक खालून मोजपट्टी धरून, एक बाजूने. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा मोठा संग्रह आहे. तिथे असो वा गावातल्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात, पहिला प्रश्न येतो तो झाडाचा. म्हणून पाकिटावर तारीख आणि गाव लिहाच, शिवाय झाड कोणतं, जिवंत की मेलेलं, उभं की पडलेलं, हेही लिहा.