जस्तविलेपन (जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचे)

जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन करताना तिचे मूळ नट-बोल्ट, वॉशर, क्लिपा, ब्रॅकेट, बिजागऱ्या यांवरचा गंज काढून त्यांवर विजेच्या साहाय्याने जस्ताचा पातळ थर चढवण्याची प्रक्रिया. गॅरेजमध्ये तिला ‘झिंक प्लेटिंग’ म्हणतात. बाजारात नवे बोल्ट मिळत असूनही हा खटाटोप केला जातो, कारण मूळ बोल्टच्या डोक्यावर उत्पादकाची खूण असते. जुन्या पोर्शमध्ये कामॅक्स, तर ब्रिटिश गाड्यांत जीकेएन या बोल्ट-उत्पादकांची खूण आढळते. गाडी अस्सल असल्याची ही साक्ष असते. ती जपण्यासाठी गंज काढताना सँडब्लास्टिंगचा (वाळूच्या झोताचा) मारा हलका ठेवावा लागतो.

जस्ताचा प्रमाण विभव (धातूची झिजण्याची प्रवृत्ती दाखवणारा आकडा; तो जितका ऋण, तितकी ती जास्त) −०.७६ व्होल्ट, तर लोखंडाचा −०.४४ व्होल्ट आहे. त्यामुळे ओल लागली की आधी जस्त झिजते. थरावर ओरखडा उठला तरी आजूबाजूचे जस्त उघड्या पोलादाला वाचवते. निकेल-क्रोमचा मुलामा दिसतो झगझगीत, पण त्याला बारीक छिद्र पडले की उलट खालचे पोलादच आधी गंजते.

उघड्या जस्तावर पांढरा गंज लवकर धरतो. म्हणून विलेपनानंतर भाग काही सेकंद क्रोमेटच्या (क्रोमियमच्या क्षाराच्या) द्रावणात बुडवतात. यालाच पॅसिव्हेशन म्हणतात. जुन्या जर्मन गाड्यांच्या बोल्टवरची इंद्रधनुषी छटेची पिवळी झाक अशा क्रोमेटचीच असते. मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत रंगीत क्रोमेटवर ९६ तास, तर रंगहीनावर १२ तास पांढरा गंज दिसू नये, असे एएसटीएम बी६३३ हे अमेरिकी मानक सांगते. मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत चालणाऱ्या गाडीला म्हणूनच पिवळे पॅसिव्हेशन अधिक योग्य.

सगळे यश पूर्वतयारीवर अवलंबून असते. ग्रीस व जुना रंग पूर्ण उतरवून, गंज काढून, भाग सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडात बुडवतात आणि स्वच्छ धुतात. तेलाचा डाग राहिला की तिथे थर धरत नाही. छोटे भाग फिरत्या बॅरलमध्ये, मोठे तारेला टांगून विलेपित करतात. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली हँडले मात्र यात घालू नयेत; अ‍ॅसिड ती खाऊन टाकते. दुपदरी पत्र्यांच्या फटीत अडकलेले अ‍ॅसिडही नंतर पाझरत राहते.

खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. अ‍ॅसिड आणि विद्युतप्रवाह या दोन्हींमुळे हायड्रोजन पोलादात शिरतो आणि उच्च ताकदीचे बोल्ट ठिसूळ होतात. १०.९ व त्यावरच्या श्रेणीचे (ताकदीचा हा आकडा बोल्टच्या डोक्यावर असतो) बोल्ट, तसेच स्प्रिंगा, विलेपनानंतर शक्यतो चार तासांच्या आत सुमारे १९० ते २२० अंश सेल्सिअसला कित्येक तास भट्टीत ठेवतात. हे पॅसिव्हेशनच्या आधीच व्हायला हवे, कारण क्रोमेटचा पापुद्रा साधारण ६० अंशांपलीकडे सुकून तडकतो. अशी भट्टी नसलेल्या प्लेटिंगवाल्याकडे स्टिअरिंग, ब्रेक किंवा सस्पेन्शनचे बोल्ट देणे जिवावर बेतू शकते.

आट्यांचा हिशेबही काटेकोर असतो. थराची जाडी आट्याच्या दोन्ही उतारांवर आणि दोन्ही बाजूंना चढत असल्याने पिच व्यास (आट्यांच्या मध्य-उंचीवर मोजलेला व्यास) जाडीच्या चौपट वाढतो. आठ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थराने बत्तीस मायक्रॉन. एम८ च्या (८ मिमी व्यासाच्या) नेहमीच्या ६जी या मापसूट-वर्गाच्या बोल्टला अवघी २८ मायक्रॉनची मोकळीक ठेवलेली असते. नट घट्ट जाऊ लागला तर जोर लावण्याऐवजी थर जाड झाला आहे का, ते तपासावे.

पूर्वी अनेक कारखाने जस्ताऐवजी कॅडमियम या धातूचा थर वापरत. त्याचे घर्षण कमी असते, पण ते विषारी आहे. जुन्या मॅन्युअलमधला कसण्याचा टॉर्क कॅडमियमच्या बोल्टसाठी दिलेला असेल, तर तेवढ्याच टॉर्कवर कोरड्या जस्ताचा बोल्ट कमी ताणला जातो. पिवळ्या क्रोमेटमधील सहासंयुजी क्रोमियम कर्करोगजनक असल्याने त्याच्या जागी आता त्रिसंयुजी क्रोमियमची द्रावणे वापरात आली आहेत. जुनी पिवळी छटा हवी असल्यास त्यांत रंगद्रव्य घालतात.